नाकसाहेबांची ओळ

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे खुशाल आहेत. फोन हाताशी असताना सूनबाईला पत्र लिहायची हुक्की का आली, ते अगदी शेवटी सांगते. पण शेवटचं पान आधी वाचायचं नाही. रहस्यकथेतला खुनी आधी शोधून मग निवांत पहिलं पान उघडायची तुमची खोड मला माहीत आहे, इथे ती चालणार नाही. चष्मा लावा. खिडकी लावून घ्या, नाहीतर तुमच्या टेबलावरून कागद उडतात आणि मग तुम्ही ते गोळा करत बसता. अक्षर जरा बारीक आलंय, तेव्हा कागद जवळ धरूनच वाचा. पत्र हातात देताना ड्रायव्हरने तोंड वाकडं केलं असेल तर मनावर घेऊ नका, त्याला काहीही काम सांगितलं की त्याचा चेहरा तसाच होतो. त्याला बाहेर बाकावर बसवा, चहा द्या, आज त्याला घाई नाही. त्याच्याकडे एक खोकाही दिलाय. तो आत्ता उघडू नका, टेबलाखाली सरकवून ठेवा.

आधी घरच्या बातम्या. तुमच्या चिरंजीवांनी मागची खोली पुन्हा रंगवायला काढली आहे. आम्ही तिला बाबांची खोलीच म्हणतो, जरी बाबा तिच्यात अजून एक दुपारसुद्धा आडवे झालेले नसले तरी. पहिल्यांदा ती हिरवी रंगवली. तुम्ही आला नाहीत, तर यांना वाटलं तुम्हाला हिरवा आवडला नसेल. आता फिकट पिवळी होतेय. मी म्हटलं, अहो, भिंतीचा काय दोष, तुमच्या वडिलांना त्यांचं गॅसचं स्टेशन सोडवत नाही. तर म्हणाले, स्टेशन स्टेशन काय, कुंपणाच्या आत चार पाइप आणि एक फुसफुसणारा डबा. बाबा, हा मुलगा तुमच्या पोटी कसा आला, मला खरंच कळत नाही. जन्मभर गॅसवर शिजलेलं जेवला, पण तो गॅस येतो कुठून हे एकदाही विचारलं नाही त्याने. चिऊ मजेत आहे. तिचा पुढचा दात पडलाय, आणि त्या फटीतून शीळ घालता येते असा शोध तिला लागल्यामुळे घरात कुणाला झोप नाही. आजोबांना ऐकवायची आहे म्हणते. ऐकाच एकदा, म्हणजे आम्ही काय सोसतोय ते कळेल.

आता ऑफिसचं, कारण खरी गोडी तुम्हाला त्यातच. आठवतं, मी नवी नवी घरात आले तेव्हा जेवायला बसलं की आपण दोघं व्हॉल्व्हवर बोलत सुटायचो? शेवटी आई भाजीचा डाव पातेल्यावर आपटून म्हणायच्या, "तो व्हॉल्व्ह आधी बंद करा आणि जेवा." बाकी मुलींना सासऱ्यांचा धाक असतो म्हणतात. मला तुमच्यामुळे धंदा कळला. मी तेव्हा कंपनीत नुसते कागद पुढे सरकवत होते. तुम्ही एका सुट्टीच्या सकाळी मला घरामागच्या कुंपणाशी नेलंत आणि सांगितलंत की लांबून येणाऱ्या मोठ्या पाइपात गॅस इतक्या दाबाने धावतो की तसाच घरात सोडला तर चुलीसकट छप्पर जाईल. म्हणून इथे त्याचा दाब उतरवायचा, त्याला शहाण्यासारखं चालायला शिकवायचं, आणि मगच वस्तीत पाठवायचं. गॅसला स्वतःचा वास नसतो हेही मला तेव्हाच कळलं. वास आपण मुद्दाम मिसळतो. "मशीनला बॅटरी लागते," तुम्ही म्हणाला होतात, "नाकाला काही लागत नाही. एवढी मोठी कंपनी शेवटी माणसाच्या नाकावर चाललीय." तुम्ही हे म्हणणारच होतात म्हणा. मैलोन् मैल पाइपावरून चालत गळती शोधायची हे तुमचं काम, आणि मशीनचा काटा हलायच्या आत तुमच्या नाकपुड्या हलायच्या. कंपनीत तुमचं खरं नाव कुणी घेतल्याचं मला आठवतच नाही. सगळ्यांसाठी तुम्ही नाकसाहेब.

जरा उठून खिडकीशी जाऊन आले. ऑफिसात आज गर्दी नाही, आणि शेजारच्या टेबलावरची बाई मघाशीच आपल्या फायली उचलून दुसऱ्या खोलीत गेली. बरं झालं, निवांत लिहिता येईल.

तर ते मी आखलेलं तपासणीचं वेळापत्रक. त्याच्यावरून तुम्ही माझ्याशी केवढे भांडला होतात. पूर्वी आपल्याकडे तपासणी सरसकट असायची. नवं स्टेशन असो नाहीतर जुनं, माळावरचं असो नाहीतर वस्तीतलं, सगळ्यांची पाळी सारख्याच अंतराने. त्यामुळे व्हायचं काय, की धडधाकट यंत्रं पुन्हापुन्हा उघडून खिळखिळी व्हायची आणि जे खरंच थकलंय ते आपली पाळी येईपर्यंत कण्हत बसायचं. आता प्रत्येक यंत्राला आम्ही तीन प्रश्न विचारतो. तू बिघडायची शक्यता किती? बिघडलास तर आसपास कुणाला इजा होईल आणि किती? आणि बिघडलास तर आम्हाला किती लवकर कळेल? उत्तरांना गुण द्यायचे, गुणांवरून धोका काढायचा. धोका मोठा त्याच्याकडे आधी जायचं आणि वरचेवर जायचं, धोका छोटा त्याला सुखाने राहू द्यायचं. माणसं तेवढीच, तास तेवढेच, मग ते जिथे गरज आहे तिथे खर्च व्हावेत, एवढाच त्यातला मतलब. तुम्ही मात्र लोखंडाची कसली परीक्षा घेता म्हणून टेबलावर मूठ आपटलीत आणि मला पुस्तकी म्हणालात. मीही काही कमी नाही, मी तुम्हाला हेकट म्हटलं. मग बराच वेळ दोघंही चहाचे कप घेऊन दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत बसलो.

मग मोठ्या साहेबांनी तुमच्या स्टेशनची ओळ भरली आणि तुमचा राग कुठच्या कुठे पळाला. घरचं नातं म्हणून त्या ओळीला मी हात लावायचा नाही असं ठरलं होतं, ती त्यांनीच लिहिली. तिसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, "शेजारी कंपनीचे निवृत्त अनुभवी निरीक्षक राहतात, रोज पाहणी करतात, गळती तत्काळ कळेल." पैकीच्या पैकी गुण. त्या एका ओळीने तुमचं स्टेशन यादीत घसरत घसरत तळाला जाऊन बसलं. आपल्या देखभालवाल्या टोपीची टोळी पूर्वी ऋतू बदलला की तुमच्याकडे यायची, यंत्रं उघडायची, साफ करायची, चहा प्यायची आणि तुमच्या जुन्या गोष्टी ऐकायची. ती आता काही वर्षांतून एकदा येईल असं ठरलं. टोपी स्वतः मला म्हणाला, नाकसाहेब आहेत तिथे आमची काय गरज. तुम्ही त्या पानाची नक्कल मागून घेतलीत आणि टेबलाच्या काचेखाली ठेवलीत. म्हणजे आत्ता हे पत्र तुम्ही बहुतेक तिच्यावरच टेकवून वाचताय. खोटं कशाला बोलू, ती ओळ वाचून माझीही छाती फुगली होती. माझ्या कोष्टकात सगळीकडे आकडे आहेत, माणूस एकच आहे, आणि तो माझा सासरा.

तेव्हापासून तुम्ही रोज सकाळी कुंपणाला फेरी घालता आणि कंट्रोल रूमला फोन करता. नाक बोलतंय, सगळं ठीक. तिथली मुलगी सांगते की तुमचा फोन आल्याशिवाय तिला सकाळ झाल्यासारखं वाटत नाही. ती तुमचा प्रत्येक फोन इमानाने नोंदवते. म्हणून गेलं वर्षभर तुमच्या स्टेशनपुढे एकच गोष्ट येत राहिली आहे, वास नाही, वास नाही, वास नाही. मोठे साहेब खूश आहेत. हे वर्ष प्रयोगाचं होतं, ते नीट पार पडलं, आणि आता येत्या सोमवारी वेळापत्रकावर कायमच्या सह्या होणार आहेत. सोमवारनंतर तुमच्या स्टेशनकडे बरीच वर्षं कुणी फिरकणार नाही. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मी पुन्हा उगाळतेय, कारण पुढचं लिहायला हात धजत नाहीये.

पुन्हा खिडकीशी जाऊन आले. आता लिहितेच.

मागच्या महिन्यात आम्ही तुमच्याकडे आलो होतो. हे आणि चिऊ फाटकाशी झोपाळा बांधत होते आणि मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. तिथे मला करपल्याचा वास आला. धावत आत आले तर स्वयंपाकघरात धूर, दूध आटून खरपुडी झालेली, पातेलं काळं ठिक्कर. आणि तुम्ही दारातच खुर्ची टाकून पेपर वाचत होतात, स्वयंपाकघराकडे पाठ करून. मी गॅस बंद केला तेव्हा कुठे तुम्ही वळून बघितलंत. म्हणालात, पेपरात डोकं होतं. हे हसले, म्हणाले बाबा म्हातारे झाले. मी पातेलं घासत बसले. पण बाबा, एकदा तुम्ही माझी बंद पर्स खुंटीवर असताना मला सांगितलं होतंत की आतलं सफरचंद एका बाजूने खराब व्हायला लागलंय. पेपरात डोकं असेल, पण नाक काही पेपर वाचत नाही ना.

तरी मी मनाची समजूत घातली. होतं एखाद्या वेळी. मग दुपारी चिऊने तिचं कार्ड आणलं. ती कार्डं आपल्याच कंपनीची माणसं शाळाशाळांतून वाटतात. वर एक चंदेरी ठिपका असतो, तो नखाने खरवडला की गॅसचा वास येतो. घरी असा वास आला तर काय करायचं हे मुलांना कळावं म्हणून. तिने ते मोठ्या ऐटीत तुमच्या हातात दिलं, कारण आजोबा म्हणजे या विषयातला शेवटचा शब्द. तुम्ही ते नाकाशी धरलंत, डोळे मिटलेत, तुमच्या त्या ठरलेल्या पद्धतीने दोन छोटे श्वास आणि एक लांब श्वास घेतलात, आणि म्हणालात, "अगदी बरोबर जमवलाय. जरा सौम्य आहे, पण तोच." चिऊ खूश होऊन तिच्या बाबाला सांगायला पळाली. तुम्ही कार्ड टेबलावर ठेवून चपला घालायला गेलात. मी ते उचललं. चंदेरी ठिपक्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. ते खरवडायचं राहूनच गेलं होतं. त्याला कागदाशिवाय कसलाही वास नव्हता.

मला वाटलं, पोरीचं मन राखलंत. पण तुम्ही मन राखणाऱ्यातले नाही. तिने काढलेल्या घोड्याला तुम्ही तिच्या तोंडावर कुत्रा म्हणाला होतात आणि ती रडली तरी घोडा म्हणायला तयार झाला नव्हतात. वासाच्या बाबतीत तर तुम्ही मोठ्या साहेबांचंसुद्धा मन राखलं नाहीत कधी.

संध्याकाळी तुमचं जादा पांघरूण काढायला मी कपाट उघडलं. तळाशी, जुन्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली, आईंची शाल घडी करून ठेवलेली दिसली. आई गेल्यापासून ती तुमच्या उशाशी असायची. मी एकदा धुवायला नेली तर तुम्ही माझ्या हातातून ओढून घेतली होतीत, आणि मग स्वतःच ओशाळून म्हणाला होतात की राहू दे, तिला तिचा वास आहे. ती शाल आता कपाटात बघून मला बरं वाटलं हो. म्हटलं, चला, बाबा सावरले. परत येताना गाडीत बसले होते, बाहेर नुसते दिव्यांचे खांब मागे जात होते, आणि एकदम सगळं एकापुढे एक येऊन उभं राहिलं. मागच्या हिवाळ्यातला तो तुमचा लांबलेला ताप. त्यानंतर तुमचं कमी झालेलं जेवण. तुम्ही दर फोनवर सांगत होतात की आता कशालाच चव राहिली नाही, आणि आम्ही सगळे इकडे मान डोलवत होतो. आम्हाला वाटायचं, आईंची आठवण. होतीच ती. पण तुम्ही जे खरं होतं तेच सांगत होतात आणि आम्ही त्याचं दुःख करून टाकलं. शाल तुम्ही सावरलात म्हणून ठेवली नाहीत. उशाशी घेऊनही तिच्यात आई सापडेनात, म्हणून ती डोळ्यांसमोरून दूर केलीत. मला गाडीत रडू आलं बाबा. यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं डोळ्यात कचरा गेला.

यांना मी काही सांगितलेलं नाही. तुम्ही का लपवलंत ते मला कळतं, अगदी आतून कळतं. तुम्हाला वास येईनासा झालाय एवढं यांच्या कानावर पडायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी सामानाचा ट्रक तुमच्या दारात उभा राहील आणि तुम्ही पिवळ्या खोलीत. ते प्रेमानेच करतील, पण करतील. आजवर तुमचं एकच उत्तर असायचं, मी आलो तर स्टेशनकडे कोण बघणार. त्या उत्तरापुढे कुणाचं काही चालत नसे. आता ते उत्तरच गेलं तर तुम्ही कशाला धरून राहायचं? आणि ज्या माणसाला सगळी कंपनी नाकसाहेब म्हणते, त्याने कुणाला जाऊन सांगायचं की मला आता काहीच येत नाही म्हणून? मी तुमच्या जागी असते तर मीही रोज सकाळी फोन केला असता. सगळं ठीक.

पण या गुरुवारी मी ऑफिसात एक गोष्ट करून बघितली. माझ्या कॉम्प्युटरवर, नुसती स्वतःपुरती, मी ती ओळ झाकली. शेजारी कुणी राहत नाही असं धरलं आणि गुण पुन्हा मोजायला लावले. तुमचं स्टेशन तळातून उठलं ते थेट माथ्यावर जाऊन बसलं. माझ्या अख्ख्या यादीत त्याच्या वर कुणी नाही. तुम्ही विचाराल का, आणि तुम्हालाच ठाऊक आहे का ते. त्यातला सेफ्टी व्हॉल्व्ह तुमच्या नोकरीच्या काळातला आहे, त्याच्या आतलं रबर किती कडक झालंय हे उघडल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. आणि कुंपणापलीकडे जिथे मोकळी जागा होती, तिथे आता पाळणाघर आहे. मी आले होते तेव्हा त्यांची पोरं कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून तुम्हाला हाका मारत होती आणि तुम्ही खिशातून गोळ्या काढून त्यांना देत होतात. बाबा, त्या पोरांच्या आणि त्या जुन्या रबराच्या मध्ये आमच्या हिशेबात फक्त तुमचं नाक उभं आहे. वर्षभराचे ते सगळे "वास नाही" खरे आहेत की नाही, हे आज आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. कदाचित काही गळतही नसेल. पण माहीत नाही ते नाहीच. सोमवारी या वेळापत्रकावर सही झाली तर पुढची कित्येक वर्षं कुणी बघायलाही येणार नाही. हे ठाऊक असून मी गप्प बसले तर तुम्ही मला जे काही शिकवलंत ते पाण्यात गेलं असं होईल. मी गप्प बसणार नाही. पण तुम्हाला न सांगता, तुमच्या पाठीमागे जाऊन मोठ्या साहेबांच्या कानाशी लागणं हेही मला जमणार नाही.

तर आता पत्र का, ते ऐका. फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांत गप्प केलं असतं. डॉक्टरपुढे बसवून, चारचौघांत, यांच्या देखत तुमच्या नाकाची परीक्षा घ्यावी, तर ते बघायला मी तिथे थांबू शकले नसते. आणि तरीही माझं चुकत असेल, ही आशा सुटत नव्हती. म्हणून मी चिऊच्या शाळेत वाटतात त्या कार्डांचा एक गठ्ठा ऑफिसच्या कपाटातून घेतला, सगळे ठिपके खरवडले आणि या पत्राच्या पानापानावर घासले. पाकिटाच्या तळाशी बघा, ती कार्डं तिथेच कोंबली आहेत. मी सारखी खिडकीशी जात होते ती त्यासाठी. शेजारची बाई त्यामुळेच उठून गेली, आणि बिचाऱ्या ड्रायव्हरचं तोंडही त्यामुळेच वाकडं आहे, त्याला शाळेचा नमुना आहे एवढंच सांगितलंय. या कागदांना आत्ता असा वास येतोय की पहिल्या ओळीलाच पत्र टाकून तुम्ही चुलीकडे, मग कुंपणाकडे आणि मग फोनकडे धावायला हवं होतं. कंट्रोल रूममधल्या मुलीला मी बजावून ठेवलंय, शनिवारी, म्हणजे हे पत्र पोचेल त्या दिवशी, वास येतोय असा नाकसाहेबांचा फोन आला तर कुणाला पाठवायच्या आधी मला जोड. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी सुट्टी असून ऑफिसात येऊन त्या फोनपुढे बसलेली असेन. तो वाजावा, आणि सासऱ्याशी असला भलता खेळ करतेस म्हणून तुम्ही मला फाडून खावं, याहून जास्त मला काही नको आहे. पण बाबा, तुम्ही इथपर्यंत वाचत आला असाल तर आपल्या दोघांना कळलंय, आणि अजून फक्त आपल्या दोघांनाच. आता खिडकी उघडा. खोक्यात गॅस सुटला की ओरडणारं यंत्र आहे, ड्रायव्हर ते स्वयंपाकघरात बसवून देईल, नको म्हणू नका. मग तुम्हीच फोन करा आणि सांगा, नाक बोलतंय, माझी ओळ काढा. ती मी नाही खोडणार, ती तुमची आहे. टोपीची टोळी सोमवारपासूनच तुमच्याकडे असेल आणि पुढे वरचेवर येत राहील, तेव्हा चहाचं मोठं पातेलं बाहेर काढा, घासून ठेवलंय. त्या जुन्या व्हॉल्व्हची कुंडली त्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार? डॉक्टरकडे मी येईन तुमच्याबरोबर, कधीकधी वास परत येतो म्हणतात. यांना तुम्ही सांगाल तेव्हाच कळेल, आणि पिवळ्या खोलीचा विषय निघाला तर मी तुमच्या बाजूने भांडेन, तुम्ही मला भांडायला शिकवलंयच. आणि एक करा. शाल कपाटातून काढून पुन्हा उशाशी घ्या. त्या संध्याकाळी मी ती नाकाशी धरून बघितली होती. आईंच्या तेलाचा आणि त्या निळ्या साबणाचा वास अजून तसाच आहे, बाबा. तुम्हाला येत नसला तरी तो आहे.

फोनपुढे बसलेली, तुमचीच

सूनबाई